सापाचं हृदय आणि परळचे डॉ. सेन

आष्ट्याच्या शिवारात ऊसतोड सुरू झाली की फडातून एखादा साप निघतोच. इथून बत्तीस शिराळाही फार लांब नाही, आणि तिथली नागपंचमी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सापाचं विष, सापाची कात, सापाचा डोळा याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. सापाच्या हृदयाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. साठ वर्षांपूर्वी मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयात एका शल्यविशारदाने नेमका त्याचाच विचार केला. हृदयविकाराच्या झटक्यात माणसाच्या हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरतो, तो वाचवण्याची युक्ती सापाकडून शिकता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. वैद्यकाच्या वर्तुळात ते पी. के. सेन म्हणूनच ओळखले जात.

भारतातलं पहिलं हृदयरोपण करणारा माणूस अशी त्यांची ओळख पुस्तकांत सापडते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. हृदयाचा स्नायू जगतो कसा, मरतो कसा आणि मेल्यावर पुन्हा का उगवत नाही, या प्रश्नाभोवती त्यांचं बरंचसं आयुष्य गेलं. तो प्रश्न आजही संपलेला नाही.

पालिकेच्या रुग्णालयातला शल्यविशारद

सेन यांचा जन्म १९१५ सालचा. कुटुंब बंगाली, पण डॉक्टर म्हणून ते घडले मुंबईत, सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं केईएम रुग्णालय १९२०च्या दशकात उभं राहिलं. मोठ्या हुद्द्यांवर इंग्रजांचीच वर्णी लागण्याचे ते दिवस होते. इथे भारतीय डॉक्टरच शिकवतील, अशी अट देणगीदारांनी घातली होती. सेन याच संस्थेत शिकले, तिथेच शिकवू लागले आणि पुढे शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले.

केईएम हे महानगरपालिकेचं रुग्णालय. आसपास गिरण्या, चाळी, रेल्वेचे कारखाने. कोकणातून, घाटावरून, सातारा-सांगलीकडून मुंबईत पोट भरायला आलेली माणसं आजारी पडली की इथे येत. त्यांच्या हृदयाची दुखणी श्रीमंत देशांतल्या दुखण्यांपेक्षा वेगळी होती. लहानपणी घसा सुजतो, त्यावर नीट उपचार होत नाहीत, मग ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि त्यातून हृदयाची मायट्रल झडप आकसते. विशी-पंचविशीतल्या बाईला दोन जिने चढताना धाप लागते, बाळंतपणात जीव धोक्यात येतो. १९५०च्या दशकात सेन यांनी अशा झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया हाती घेतल्या. हृदय धडधडत असतानाच त्याच्या वरच्या कप्प्यातून बोट आत घालायचं आणि आकसलेली झडप बोटाने चाचपून फाकवायची, अशी ती पद्धत. शल्यविशारदाला आतलं काही दिसत नसे. बोटाच्या टोकाला जे जाणवेल त्यावर रुग्णाचं आयुष्य ठरायचं.

हृदय उघडून आत काम करायचं तर त्याचं काम तेवढा वेळ यंत्रावर सोपवावं लागतं. असं यंत्र परदेशातून आणायला परकीय चलन लागे, सुटे भाग मिळत नसत, नळ्या आणि रक्त यांची टंचाई वेगळीच. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी ज्ञान आणि इथली जुळवाजुळव यांची सांगड घालत वाट काढली. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया, दोन्हीकडचं काम ते बारकाईने पाहत. शीतयुद्धात हे दोन देश एकमेकांशी बोलत नसताना परळमधला हा माणूस दोघांकडूनही शिकत होता.

शस्त्रक्रियेइतकीच त्यांना कारणांचीही ओढ होती. तरुण मुलींच्या महाधमनीला सूज येते, ती जागोजागी अरुंद होते आणि रक्तदाब भलताच वाढतो, असा एक आजार आपल्याकडे बराच दिसे. केईएमच्या विकृतिशास्त्र विभागातले डॉ. किनरे, शल्यविशारद डॉ. परुळकर आणि इतर सहकाऱ्यांसह सेन यांनी १९६३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केलं. शस्त्रक्रियागृह आणि सूक्ष्मदर्शक यांची जोडी त्यांनी कधी तुटू दिली नाही.

भातखाचर आणि पाटाचं पाणी

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हृदयविकाराच्या झटक्यावर डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. आजची बायपास शस्त्रक्रिया रूढ व्हायची होती, अँजिओप्लास्टी तर कल्पनेतही नव्हती. कोरोनरी धमनी बुजली की तिच्या वाट्याचा स्नायू मरायचा आणि डॉक्टर विश्रांतीचा सल्ला द्यायचे.

इथे सापाचं हृदय समजून घेऊ. आष्ट्याच्या उसाला पाणी पाटाने किंवा ठिबकच्या नळीने द्यावं लागतं. मुख्य नळी तुंबली तर पुढची सरी वाळते. शिराळ्याकडच्या भातखाचरात तसं नसतं. तिथे पाणी साचलेलंच असतं आणि ते मातीत आपोआप मुरतं. माणसाचं हृदय उसासारखं आहे आणि सापाचं बरंचसं भातखाचरासारखं. आपल्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत साधारण सेंटिमीटरभर जाड आणि घट्ट विणीची. आत रक्त भरलेलं असूनही ते भिंतीत मुरत नाही, कारण प्राणवायू पेशींमधून पाझरून मिलिमीटरच्या काही अंशापलीकडे पोचत नाही. म्हणून हृदयाला स्वतःसाठी बाहेरून धमन्यांचं जाळं लागतं. सापाच्या हृदयाची भिंत मात्र बव्हंशी स्पंजासारखी, खाचाखोचांची. आत आलेलं रक्त त्या खाचांत शिरतं आणि स्नायूला तिथल्या तिथे पोसतं.

सेन, डॉ. तेहेमटन उदवाडिया, डॉ. किनरे आणि डॉ. परुळकर यांनी यावरून प्रयोग आखला. माणसासारख्या घट्ट हृदयाच्या भिंतीला सुईने आरपार बारीक भोकं पाडली तर आतलं रक्त त्यातून स्नायूत शिरेल का? कुत्र्यांच्या हृदयाची एक मोठी धमनी बांधून त्यांनी हे तपासलं. भोकं पाडलेल्या हृदयांनी तो आघात अधिक चांगला सोसला, असं त्यांना दिसलं. १९६५ मध्ये हे काम अमेरिकेतल्या छातीच्या शस्त्रक्रियांच्या प्रमुख नियतकालिकात छापून आलं आणि पुढच्या प्रयोगांचा अहवाल १९६८ मध्ये आला. या चमूतले तरुण उदवाडिया पुढे भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक म्हणून नावारूपाला आले.

ही कल्पना केवळ सापापुरती नव्हती. आपण प्रत्येक जण आईच्या पोटात काही आठवडे तशाच हृदयाने जगलेलो असतो. गर्भ साधारण तीन आठवड्यांचा असताना त्याचं हृदय एक साधी नळी असतं आणि ते तेव्हाच धडधडू लागतं. मग त्या नळीला पीळ पडतो, कप्पे तयार होतात आणि आतल्या बाजूने स्नायूचे धागे जाळीसारखे वाढतात. या टप्प्यावर कोरोनरी धमन्या नसतातच. आतलं रक्त जाळीत शिरून स्नायूला पोसतं. नंतर बाहेरच्या आवरणातून आलेल्या पेशी आणि आसपासच्या रक्तवाहिन्या मिळून धमन्यांचं जाळं विणतात आणि स्पंजासारखी भिंत बाहेरून घट्ट होत जाते. काही माणसांत हे घट्ट होणं अर्धवट राहतं आणि तो पुढे हृदयाचा आजार ठरतो.

सुईची भोकं मात्र टिकली नाहीत. काही दिवसांत वा आठवड्यांत ती गुठळीने आणि मग व्रणाने बुजतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. दुसरी अडचण दाबाची होती. हृदय आकुंचन पावतं तेव्हा भिंतीतही तितकाच दाब असतो, त्यामुळे आतलं रक्त भोकात शिरायला उतारच मिळत नाही. १९८०च्या दशकात काही अमेरिकी शल्यविशारदांनी सुईऐवजी लेझर वापरून हीच कल्पना पुन्हा पुढे आणली. १९९८ मध्ये तिथे त्या यंत्राला परवानगीही मिळाली. अनेक रुग्णांचं छातीतलं दुखणं खरोखर कमी झालं, पण लेझरची भोकंही बुजतच होती. नंतर नळीवाटे लेझर देण्याच्या एका चाचणीत काही रुग्णांवर नुसता लेझरचा देखावा केला गेला, तेव्हा त्यांनाही जवळपास तितकाच आराम पडला. सेन यांची कल्पना उपचार म्हणून रुजली नाही. मात्र हृदयाच्या स्नायूला धमनीखेरीज दुसऱ्या वाटेने जगवता येईल का, हा प्रश्न त्यांनी धीटपणे आणि मोजमाप करून विचारला होता.

फेब्रुवारी १९६८

स्नायू वाचवता येत नसेल तर अख्खं हृदय बदलावं, हा दुसरा मार्ग. अमेरिकेत नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी कुत्र्यांवर त्याची पद्धत बसवली होती, रशियात व्लादिमीर डेमिखोव यांनी त्याआधीपासून प्रयोग केले होते. केईएममध्ये सेन यांचा चमूही कुत्र्यांवर सराव करत होता. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसात पहिलं हृदयरोपण केलं आणि जगभर खळबळ उडाली. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, सेन यांनी परळमध्ये ते करून दाखवलं. बर्नार्ड, कॅन्ट्रोविट्झ आणि शमवे यांच्यानंतर असं धाडस करणारे ते जगातले चौथे शल्यविशारद ठरले. आशियातला हा पहिलाच प्रयत्न होता, आणि तो पालिकेच्या फुकट उपचारांच्या रुग्णालयात झाला.

नवं हृदय धडधडलं, पण रुग्ण सुमारे तीन तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसऱ्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली, तो चौदा तास जगला. त्यानंतर त्यांनी हा प्रयत्न थांबवला. तेव्हा जगात सगळीकडेच हीच गत होती. १९६८ या एका वर्षात शंभराच्या आसपास हृदयरोपणं झाली, बहुतेक रुग्ण दिवसांत किंवा महिन्यांत दगावले आणि १९७०च्या दशकात बहुतेक केंद्रांनी हात आखडता घेतला. परकं हृदय शरीर नाकारतं, त्यावर १९८०च्या सुमारास सायक्लोस्पोरिन हे औषध आलं तेव्हा कुठे चित्र पालटलं.

त्या दोन रुग्णांबद्दल आज कठोर प्रश्न विचारता येतात, आणि ते विचारायलाच हवेत. मेंदू मेलेला पण हृदय चालू असलेला माणूस मृत मानायचा का, याला तेव्हा आपल्याकडे कायदाच नव्हता. गरीब रुग्णाला आपल्यावर काय होणार आहे हे कितपत समजलं असेल, हेही सांगणं कठीण. भारतात अवयवरोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. सेन यांच्या प्रयत्नानंतर त्याला सव्वीस वर्षं लागली. सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९८२ मध्ये ते गेले, त्यामुळे ते यश पाहायला ते नव्हते. त्यांचे सहकारी परुळकर पुढे केईएमचे अधिष्ठाता झाले, आणि सेन यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी देशभर हृदयशस्त्रक्रियेचे विभाग उभे केले.

जन्मानंतर स्नायू का उगवत नाही?

हात कापला तर कातडी भरून येते, यकृताचा तुकडा काढला तर ते वाढतं. हृदयाचा मेलेला स्नायू मात्र परत येत नाही, त्या जागी चिवट व्रण उरतो. मोठ्या झटक्यात अब्जाच्या घरात पेशी मरू शकतात. सेन यांनी ज्या काळात सुई उचलली तेव्हा समज असा होता की माणूस जन्मतो तेव्हा मिळालेल्या स्नायूपेशींवरच त्याला आयुष्य काढावं लागतं. हे कितपत खरं, हे तपासायला मदत झाली ती अणुचाचण्यांची. १९५०-६०च्या दशकांतल्या स्फोटांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला, तो अन्नातून माणसांच्या पेशींत गेला आणि पेशी कधी जन्मली याची जणू तारीख त्यावर उमटली. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ती तारीख वाचली. पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का नव्या होतात, पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं. म्हणजे नवी पेशी बनते खरी, पण झटक्यातलं नुकसान भरून काढायला हा वेग फारच तोकडा आहे.

मग या थोड्या नव्या पेशी येतात कुठून? गर्भात हृदयाचा स्नायू दोन पेशीसमूहांतून बनतो. पहिला समूह मूळ नळी आणि डावा कप्पा घडवतो, दुसरा थोडा मागाहून येऊन उजवा कप्पा आणि बाहेर पडणाऱ्या मार्गाचा भाग जोडतो. बाळ जन्मल्यावर या दुसऱ्या समूहातल्या काही मूळपेशी हृदयात दडून राहतात का, बाहेरच्या आवरणातून काही येतात का, की अस्थिमज्जेतून रक्तावाटे पोचतात, असे अनेक अंदाज २००० नंतर मांडले गेले. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने प्रौढ हृदयात स्नायू घडवणाऱ्या मूळपेशी भरपूर सापडल्याचा दावा केला. जगभर आशा पालवली, रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. इतर प्रयोगशाळांना मात्र तसं काही दिसेना. पेशींवर जन्मखूण लावून त्यांचे वंशज शोधल्यावर कळलं की त्या पेशींपासून मुख्यतः रक्तवाहिन्यांचं अस्तर बनतं, स्नायू जवळजवळ नाहीच. २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ आणि संबंधित रुग्णालयाने त्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं सांगितलं, कारण त्यांत खोटी किंवा फिरवलेली माहिती होती. आज बहुतेक संशोधकांचं मत असं आहे की प्रौढ हृदयातली नवी स्नायूपेशी जुन्या स्नायूपेशीच्या विभाजनातूनच येते.

जन्माच्या आसपास काहीतरी बदलतं, हे मात्र नक्की. एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचा टोकाकडचा भाग काढला तर तो भरून येतो. आठवडाभरात ही शक्ती मावळते, हे २०११ मध्ये दिसलं. पहिल्या श्वासाबरोबर रक्तात प्राणवायू एकदम वाढतो, पेशींचं इंधन बदलतं, आणि स्नायूपेशी दुभागण्याऐवजी आकाराने वाढू लागतात. झेब्रा मासा हा आपल्या उपखंडातल्या ओढ्यानाल्यांतला छोटासा मासा. त्याच्या हृदयाच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा उगवतो. या माशाचं हृदयही सापासारखंच बरंचसं स्पंजासारखं आहे. सेन अशा हृदयाकडे रक्ताची वाट शोधायला गेले, आजचे संशोधक तिथे पेशी दुभागण्याची किल्ली शोधत आहेत.

तोवर आपल्या हाती काय?

तोवर हृदयाच्या स्नायूबाबत एक व्यवहारी नियम पाळावा लागतो. गेलेला परत येत नाही, म्हणून असलेला वाचवायचा. धमनी बुजल्यापासून दर मिनिटाला पेशी मरत असतात, आणि पहिल्या काही तासांत धमनी मोकळी झाली तर पुष्कळ स्नायू वाचतो. छातीत दडपल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, कारण नसताना धाप, यांपैकी काही झालं तर पित्त असेल म्हणून सोडा पिऊन रात्र काढू नये. मधुमेह असलेल्यांना आणि अनेक बायकांना कळ न येता नुसती धाप किंवा थकवा जाणवतो, तेही लक्षात ठेवावं. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, दुचाकीवर मागे बसवून रुग्णाला नेऊ नये. आष्ट्यातून सांगली-मिरज जवळ आहे. ज्या रुग्णालयात ईसीजी, गुठळी विरघळवण्याचं औषध आणि अँजिओप्लास्टीची सोय आहे तिथेच थेट जाणं वेळ वाचवतं. मुलांचा घसा वारंवार सुजत असेल, सोबत ताप आणि सांधेदुखी असेल, तर डॉक्टरांना दाखवून सांगितलेल्या औषधाचा पूर्ण कोर्स करावा. सेन ज्या आकसलेल्या झडपा बोटाने उघडत होते, त्यांची सुरुवात अशाच घशातून झालेली असे.

जन्मानंतर हृदयाचा स्नायू पुन्हा उगवायला लावणारं औषध निघालं असं सांगणारी जाहिरात दिसली, तर ती बाजूला ठेवावी. मूळपेशी टोचून हृदय नवं करून देतो म्हणणारे दवाखाने आपल्या शहरांतही आहेत, आणि त्यांच्या दाव्यांना आजवरच्या संशोधनाचा आधार नाही. सेन यांनी आपली भोकं पाडलेली हृदयं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली होती. नव्या उपचाराचा दावा करणाऱ्याने आपलं काम तसंच सगळ्यांपुढे तपासणीला ठेवलंय का, एवढं विचारून मगच पैसे मोजावेत.